शिफ्ट कधी 11 तासांची, कधी 6 तासांची: ओव्हरटाइमचा हिशोब कसा करायचा?

तलासरी आणि डहाणूतून अनेक कामगार सीमेपलीकडे उंबरगाव, वापी आणि सिल्वासाच्या कारखान्यांत कामाला जातात. डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने तिथे उद्योगांवर कडक निर्बंध आहेत.

कारखान्यात शिफ्ट रोज सारखी नसेल, तर पगाराच्या दिवशी हमखास वाद होतो. 'आठवड्याचे तास कुठे जास्त झाले? मग ओटी कसला?' असं सांगितलं जातं. पण एखाद्या दिवशी कमी काम झालं, म्हणून दुसऱ्या दिवशीचा ओव्हरटाइम रद्द होत नाही.

नियम काय सांगतो?

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 59 नुसार दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम झालं, तर जादा तासांचा पगार दुप्पट दराने द्यावा लागत असे. यात 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कामाचा दिवस 8 तासांचा आहे. किती तासांपुढे दुप्पट दर लागेल, हे सरकारचे नियम ठरवतात. मात्र दिवसाचा आणि आठवड्याचा असे दोन्ही हिशोब करून जो कामगाराच्या फायद्याचा असेल तो धरायचा, हे संहितेतच लिहिलं आहे. ओव्हरटाइमसाठी कामगाराची संमतीही लागते.

उदाहरण पाहू

समजा, एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला 15,600 रुपये होतात.

- एका दिवसाचे: 15,600 ÷ 26 = 600 रुपये
- एका तासाचे: 600 ÷ 8 = 75 रुपये
- ओव्हरटाइमचा दर: 75 × 2 = 150 रुपये

सोमवार ते बुधवार त्याने रोज 11 तास काम केलं आणि गुरुवार ते शनिवार रोज 6 तास. एकूण 51 तास झाले.

- आठवड्याच्या हिशोबाने: 51 − 48 = 3 तास, म्हणजे 450 रुपये
- दिवसाच्या हिशोबाने (9 तासांपुढे): 2 × 3 = 6 तास, म्हणजे 900 रुपये

कामगाराला 900 रुपये मिळायला हवेत. दिवसाची मर्यादा 8 तास धरली, तर 9 तासांचे 1,350 रुपये होतात. दोन्ही हिशोबांची बेरीज मात्र करायची नाही, त्यातला मोठा आकडा घ्यायचा.

हिशोब कुठे चुकतो?

- सुट्टीची वेळ: जेवणाची किंवा विश्रांतीची सुट्टी कामाच्या तासांत धरत नाहीत. गेटवर 12 तासांची नोंद असेल आणि अर्धा तास सुट्टी झाली असेल, तर काम साडेअकरा तास.
- नाइट शिफ्ट: 1948 च्या कायद्यानुसार मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजले जात. रात्री 8 ते सकाळी 7 या शिफ्टचे दोन दिवसांत तुकडे करता येत नसत.
- सिंगल दर: जादा तासांचे पैसे साध्या दराने देणं नियमात बसत नाही.
- बोनस: दर काढताना बोनस आणि आधी मिळालेला ओव्हरटाइम धरत नाहीत.

12 तासांची शिफ्ट आली, मग ओव्हरटाइम संपला का?

नाही. 2025 मध्ये गुजरातने अध्यादेश काढून दिवसाच्या कामाची मर्यादा 12 तासांपर्यंत नेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानेही तशा बदलाला मंजुरी दिली. दोन्हीकडे आठवड्याचे 48 तास कायम आहेत. दिवसाला जास्तीत जास्त किती काम करून घेता येतं हा एक प्रश्न आणि दुप्पट पगार किती तासांपुढे सुरू होतो हा दुसरा.

तक्रार कुठे करायची?

कामगार कुठे राहतो यावर नाही, कारखाना कुठे आहे यावर हे ठरतं. तलासरीतला कामगार उंबरगावला कामाला असेल, तर त्याला गुजरातच्या कामगार विभागाकडे जावं लागेल. कारखाना पालघर जिल्ह्यात असेल, तर महाराष्ट्राचा कामगार विभाग किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर जबाबदारी मूळ मालकावर येते. वेतन संहितेनुसार दावा करायला 3 वर्षांची मुदत आहे.

त्यासाठी पुरावा हवा. रोज आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ वहीत लिहून ठेवा, हजेरी कार्डाचा फोटो काढा आणि पगाराची स्लिप जपून ठेवा. महिन्याचे एकूण तास पुरेसे नाहीत, प्रत्येक दिवसाचे तास वेगळे लिहा.