दुकानाचा परवाना आणि गावाचा कौल

आपल्या कोकणात एखादे महत्त्वाचे कार्य हाती घ्यावयाचे झाले म्हणजे गावकरी मंडळी ग्रामदेवतेस कौल लावतात. देवतेचा कौल मिळाल्यावाचून कार्यास हात घालावयाचा नाही, अशी पूर्वापार चाल आहे. परंतु गावात मद्याचे दुकान असावे की नसावे, या प्रश्नावर खुद्द गावाचा कौल घ्यावा, ही गोष्ट कायद्यात उतरण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. ती वर्षे कशी लोटली आणि अखेर मिळालेला हक्क कितपत पुरता आहे, याचे सिंहावलोकन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भंडारी ज्ञातीच्या स्मरणिकेत हा विषय कोणास अप्रस्तुत वाटू नये. 'परवाना' या शब्दाची झळ आपल्या ज्ञातीइतकी क्वचितच कोणा ज्ञातीस लागली असेल.

माडावर चढून पोय छेदणे, मडक्यात माडी उतरविणे आणि तिच्यापासून मद्य गाळणे, हा आपल्या पूर्वजांपैकी अनेकांचा वंशपरंपरागत व्यवसाय होता. झाडामागे कर भरावा आणि धंदा करावा, अशी जुनी रीत होती. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि या रीतीचा पायाच बदलला. झाड छेदणे, मद्य गाळणे, ते बाळगणे, ते विकणे, या प्रत्येक गोष्टीस सरकारी परवाना आवश्यक ठरला. झाडांवरील कर वाढला. मद्य गाळण्याचे काम घरोघरच्या भट्ट्यांतून निघून मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांत गेले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील भंडाऱ्यांनी याविषयी सरकारदरबारी गाऱ्हाणी मांडली. परंतु महसुलाच्या हिशेबापुढे त्यांचे फारसे चालले नाही. पुढे १८९२ साली मोहाच्या फुलांवरही याच जिल्ह्यांत कायद्याचे बंधन आले आणि डोंगरातील आदिवासी बांधवांवर तोच प्रसंग गुदरला.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. परवान्याची ही पद्धती लोकांचे व्यसन कमी व्हावे एवढ्यासाठीच निघाली नव्हती. तिच्या मुळाशी महसुलाची निश्चिती होती. दुकान कोठे काढावयाचे, ते कोणास द्यावयाचे आणि किती वर्षे चालू ठेवावयाचे, हे सारे कलेक्टर व अबकारी खाते ठरवीत असे. दुकानाच्या दारावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या मनुष्यास त्यात शब्दही उच्चारण्यास जागा नव्हती.

ही उणीव ज्यांच्या लक्षात प्रथम आली, त्यांत महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढविण्याचा घाट घातला जात असता, १८ जुलै १८८० रोजी त्यांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहून त्यास हरकत घेतली. या दुकानांमुळे नागरिकांच्या नीतीची व आरोग्याची हानी होते, असे त्यांचे म्हणणे होते. एका नगरपित्याने परवान्याच्या प्रश्नाकडे तिजोरीच्या बाजूने न पाहता पेठेतील कुटुंबांच्या बाजूने पाहावे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

यानंतर नऊ वर्षांनी हाच प्रश्न विलायतेस पोहोचला. ३० एप्रिल १८८९ रोजी ब्रिटिश लोकसभेत सॅम्युएल स्मिथ यांनी हिंदुस्थानातील अबकारी कारभारावर टीका करणारा ठराव मांडला व केन यांनी त्यास अनुमोदन दिले. सरकारचा विरोध असतानाही ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी संमत झाला. त्याचा परिणाम म्हणून हिंदुस्थान सरकारने १८९० साली आपल्या धोरणाची सूत्रे लेखी नमूद केली. मद्यावरील कर शक्य तितका चढा असावा, दुकानांची संख्या मर्यादित असावी, आणि स्थानिक लोकमत जाणून घेऊन त्यास वाजवी मान द्यावा, असा त्या सूत्रांचा आशय होता. स्थानिक लोकमत हा शब्द अशा रीतीने सरकारी दप्तरात दाखल झाला. परंतु ते जाणावयाचे कसे आणि 'वाजवी मान' म्हणजे किती, हे ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याच हाती ठेवला. पुढे मोठ्या शहरांत सल्लागार समित्या आल्या. पण नावाप्रमाणेच त्यांचे काम सल्ल्यापुरते होते.

ज्यांना सल्ला देण्याचाही मान नव्हता, ते लोक मग दुकानांपुढे उभे राहू लागले. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. १९३० च्या सत्याग्रहात हेच काम पुढे नेण्यास स्त्रिया मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. ज्या प्रश्नावर कागदोपत्री मत देता येत नव्हते, त्यावर त्यांनी रस्त्यात उभे राहून मत दिले, असेच म्हणावे लागेल.

१९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्यातील मंत्री डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी अंमलात आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून इलाखाभर बंदी आली. या बंदीचे नैतिक मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु माडीवर पोट असलेल्या भंडारी कुटुंबांचा घास तिने एका रात्रीत काढून घेतला, हेही तितकेच खरे. कित्येकांनी मुंबईच्या गिरण्यांचा रस्ता धरला, कित्येकांनी नीरेचा उद्योग करून पाहिला. १८७८ साली परवाना लादताना आपणांस कोणी विचारले नव्हते; १९५० साली तो काढून घेतानाही विचारले नाही.

पुढे बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९७० नंतरच्या दशकात देशी दारूची परवानाधारक दुकाने राज्यात सर्वत्र दिसू लागली. आश्चर्य हे की, ही दुकाने चालतात ती दारूबंदीच्याच कायद्याखाली! १९४९ चाच अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अस्तित्वात आहे. त्याच्या दृष्टीने बंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद आहे. म्हणूनच परवाना ही दुकानदाराची मालमत्ता नव्हे. अजमेरच्या कुंवरजी भरुचा यांच्या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मद्यविक्री हा कोणाही नागरिकाचा जन्मजात हक्क नाही. अटींचा भंग झाल्यास अधिनियमाच्या कलम ५४ खाली परवाना निलंबित वा रद्द करता येतो. आणि अन्य कारणांसाठी तो रद्द करण्याचा अधिकार कलम ५६ ने दिला आहे. सारांश, परवान्याचा फेरविचार करण्याचे सामर्थ्य कायद्यात प्रथमपासूनच होते. तो फेरविचार कोणी मागावयाचा, एवढाच प्रश्न उरला होता.

त्याचे उत्तर खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी दिले. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या दीर्घ चळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी झाली. अन्य जिल्ह्यांतही महिला मंडळांनी व बचत गटांनी मोर्चे काढले. अखेर २००८ साली शासनाने आदेश काढून मतदानाची तरतूद केली. गावातील वा प्रभागातील स्त्री-मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी लेखी मागणी केल्यास, सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घ्यावयाचे. आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी दुकान बंद करण्याच्या बाजूने कौल दिल्यास जिल्हाधिकाऱ्यांनी ते बंद करावयाचे. अक्षरओळख नसलेल्या भगिनीसही मत देता यावे म्हणून मतपत्रिकेवर दोन चित्रे असत : एक उभी बाटली, दुसरी आडवी बाटली. फुल्यांच्या पत्रानंतर १२८ वर्षांनी स्थानिक लोकमतास असे दृश्य रूप आले.

परंतु या तरतुदीतील एक अट आपल्या ज्ञातिबांधवांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. हे निम्मे म्हणजे मतदानास आलेल्यांचे निम्मे नव्हे, तर यादीत नाव असलेल्यांचे निम्मे होय. समजा, एखाद्या गावाच्या यादीत ८०० स्त्रियांची नावे आहेत. मतदानास ४३० जणी आल्या; त्यांपैकी ३९० जणींनी आडव्या बाटलीवर आणि ४० जणींनी उभ्या बाटलीवर शिक्का मारला. लौकिक दृष्टीने हा प्रचंड विजय. पण ४०१ चा आकडा गाठला न गेल्याने दुकान तसेच राहते. जी आली नाही तिचे मत उभ्या बाटलीस गेले, असाच त्याचा अर्थ होतो. आता आपल्या गावांची स्थिती पाहा. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील घरटी माणसे मुंबई, ठाणे, विरार, पनवेल येथे राहतात. गणपतीस व शिमग्यास गावी जातात. नाव मात्र गावच्या यादीत असते. अशा गावी मतदान झाले तर चाकरमान्यांच्या घरची प्रत्येक अनुपस्थित सून गावातील जावेच्या विरुद्ध मोजली जाते, आणि हे तिच्या ध्यानीमनीही नसते.

ज्या इंग्लंडकडून परवान्याची कल्पना आपल्याकडे आली, तेथे हा प्रश्न कसा हाताळला जातो, हेही पाहण्यासारखे आहे. बाटली विकत घेऊन घरी न्यावयाच्या दुकानास तेथे 'ऑफ-लायसन्स' म्हणतात. १८९१ साली शार्प विरुद्ध वेकफिल्ड या खटल्यात उमरावांच्या सभेने निर्णय दिला की, परवान्याचे नूतनीकरण करताना परिसराची गरज पाहून नकार देण्याचा अधिकार स्थानिक न्यायाधीशांस आहे. पुढे २००३ च्या कायद्याने नागरिकांस परवान्याच्या फेरतपासणीसाठी अर्ज करण्याची मुभा दिली. गुन्हेगारी, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रव आणि बालकांचे संरक्षण या चार कसोट्यांवर स्थानिक परिषद सुनावणी घेते. ती दुकानाच्या वेळा कमी करू शकते, नव्या अटी घालू शकते, तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित करू शकते किंवा तो रद्दही करू शकते. आपल्या बाटलीच्या मतदानास एवढे बारकावे ठाऊक नाहीत. त्यास उभी व आडवी या दोनच अवस्था माहीत आहेत. शाळेच्या वाटेवरील दुकान हलवावे किंवा सायंकाळी लवकर बंद करावे, एवढेच मागणाऱ्या वस्तीसही गावभर मतदान उभे करावे लागावे, हे इष्ट नव्हे.

वरून आलेला निर्णय किती काळ टिकतो, याचेही अनुभव आपल्यासमोर आहेत. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. परंतु वर्ष उलटण्यापूर्वीच लहान गावांपुरते अंतर घटले आणि नगरपालिकांच्या हद्दींना सूट मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून आलेली बंदी २०२१ साली उठली. ज्या निर्णयामागे गावाची जागती इच्छा उभी नसते, तो कागदावर होतो आणि कागदावरच फिरतो.

आपल्या ज्ञातीत आज या धंद्याचे परवानाधारक आहेत, तद्वत व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरेही आहेत. दोहोंस एकाच पंगतीत बसविणारी ही संस्था आहे. म्हणून येथे कोणा एका पक्षाची वकिली करण्याचे कारण नाही. नियमाने धंदा करणाऱ्यास आपली बाजू मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे. परंतु ज्या ज्ञातीचे पोट दोन वेळा तिला न विचारता हिरावले गेले, तिने तरी दुसऱ्यास न विचारता निर्णय होऊ नयेत, हा आग्रह धरावा. याकरिता प्रत्येक शाखेने पुढील ग्रामसभेपूर्वी आपापल्या गावची मतदारयादी मागवून पाहावी. जे कायमचे शहरवासी झाले असतील त्यांनी आपले नाव राहत्या ठिकाणी न्यावे. आणि ज्यांना गावचे नाव सोडवत नसेल त्यांनी मतदानाच्या दिवशी रात्रीची गाडी धरून गावी हजर व्हावे. शिमग्याच्या पालखीस आपण येतोच. गावाच्या या कौलासही यावे, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती.