न खेळण्याचा हक्क



व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत अमेरिकेतील बास्केटबॉलचे नाव वाचून काही जणांना नवल वाटले असेल. ज्याचा जन्म युनियनच्या कचेरीत गेला, त्याने खेळाडूंच्या भानगडीत कशाला पडावे? परंतु पैसे घेऊन खेळणारा खेळाडू हाही मजुरी करणारा माणूसच असतो. गिरणीतला कामगार हातांचे कसब विकतो, हा साऱ्या देहाचे विकतो. आणि त्याच्या कामाची वर्षे थोडी. पस्तिशी उलटली की दावणीतून सुटका. तेव्हा त्याच्या लढ्याचा इतिहास आपल्या इतिहासापासून फार लांबचा नाही.

खेळाडूने खेळावे, राजकारणात पडू नये, असा उपदेश सर्व देशांत केला जातो. तो बहुधा खेळाडू करीत नाहीत. त्यांच्या खेळावर ज्यांची तिजोरी भरते ते करतात. त्या उपदेशाचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

आधी धंद्याची रीत पाहू. हा खेळ 1891 साली स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने बसवला. धंदेवाईक संघांची आजची मुख्य संघटना 1946 साली निघाली आणि 1949 पासून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजे एनबीए, या नावाने चालू आहे. ही संघटना मालकांची. आरंभीचे बरेचसे मालक मोठ्या क्रीडागृहांचे धनी होते. बर्फावरची हॉकी नसेल त्या रात्री जागा ओस पडू नये, एवढाच त्यांचा मूळ विचार. खेळाडूच्या करारात एक राखीव कलम असे. कराराची मुदत संपली तरी त्या माणसावरचा हक्क त्याच संघाकडे राही. संघ त्याला दुसऱ्या गावी विकू शके. तो मात्र आपण होऊन दुसरीकडे जाऊ शकत नसे. आपल्याकडचा सालगडी गुढीपाडव्याला निदान धनी तरी बदलू शकतो. या गड्यांना पाडवाच नव्हता.

1954 साली बोस्टन सेल्टिक्स संघाच्या बॉब कूझीने प्रत्येक संघातील एकेका नावाजलेल्या खेळाडूला पत्र लिहिले. एक संघ सोडून सर्वांकडून अनुकूल उत्तरे आली आणि युनियन उभी राहिली. मागण्या काय होत्या? बुडालेल्या बाल्टिमोर संघातील खेळाडूंचा थकलेला पगार द्या, प्रदर्शनी सामन्यांची संख्या आवरा, तंट्यासाठी लवाद नेमा, आणि पंच खेळ चालू असताना हळूच लावीत तो 15 डॉलरचा ‘कुजबुजीचा दंड’ रद्द करा. कोणत्याही कारखान्याच्या फाटकावर वाचून दाखवावी अशीच ही यादी. मालकांनी तीन वर्षे टोलवाटोलवी केली. 1957 साली खेळाडू देशातील मोठ्या कामगार महासंघाला जाऊन मिळण्याची भाषा बोलू लागले, तेव्हा कोठे मालक बोलणी करावयास बसले.

आता दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऑक्टोबर 1961 मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन गावी सेल्टिक्स आणि सेंट लुईसचा हॉक्स संघ यांचा प्रदर्शनी सामना होता. सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स हे सेल्टिक्सचे दोन कृष्णवर्णी खेळाडू हॉटेलच्या उपाहारगृहात गेले, तर त्यांना खाणे वाढण्यास नकार मिळाला. त्यांचा सहकारी बिल रसेल हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. पुढे तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदे ज्याच्या नावावर लागली तो. रसेलने ठरवले की आपण खेळायचे नाही. दोन्ही संघांतील कृष्णवर्णी खेळाडू गावाबाहेर निघून गेले. आणि सामन्याचे काय झाले? सामना झाला! गोरे खेळाडू खेळले, लोकांनी तिकिटे काढली होती, त्यांनी पाहिला.

दुसरा प्रसंग 14 जानेवारी 1964 चा, बोस्टनमधला. सर्व संघांतील निवडक वीस खेळाडूंचा वार्षिक सामना होता आणि तो दूरचित्रवाणीवरून देशभर दिसणार होता. खेळाडूंची जुनी मागणी म्हातारपणाच्या पेन्शनची. मालक वर्षानुवर्षे ‘पाहू’ म्हणत आले होते. त्या रात्री युनियनचा अध्यक्ष टॉम हाइन्सन आणि वकील लॅरी फ्लायशर यांच्या सल्ल्याने गोरे व काळे वीसही जण कपडे बदलण्याच्या खोलीत दार लावून बसले. लॉस एंजेलिसच्या मालकाने दारावरच्या पोलिसाकरवी आपल्या दोघांना, एल्जिन बेलर आणि जेरी वेस्ट यांना, दम पाठवला. ते हलले नाहीत. प्रक्षेपणाची वेळ टळू लागली तेव्हा संघटनेचे मुख्य अधिकारी वॉल्टर केनेडी यांनी पेन्शनचे वचन दिले आणि मगच खेळाडू बाहेर आले.

वेळ निवडण्याचे हे कौशल्य कोणत्याही कार्यकर्त्याने शिकावे असे आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. 1961 मध्ये ज्यांचा अपमान झाला तेच तेवढे उठले, म्हणून सामना थांबला नाही. 1964 मध्ये सर्व एकत्र बसले, म्हणून थांबला. मात्र ते एकत्र बसले ते पेन्शनसाठी. उपाहारगृहातील अपमानासाठी नव्हे. पोटाच्या प्रश्नावर झालेली एकी मानाच्या प्रश्नापर्यंत पोहोचण्यास आणखी अर्धशतक लागले.

मधल्या काळात ऑस्कर रॉबर्टसन या युनियनच्या अध्यक्षाने राखीव कलमालाच हात घातला. 1967 साली प्रतिस्पर्धी संघटना निघाली होती, त्यामुळे खेळाडूंना दोन गिऱ्हाइके मिळून पगार वाढू लागले होते. दोन्ही संघटनांनी एकत्र होण्याचा घाट घातला, तेव्हा 1970 साली रॉबर्टसन व त्याचे सहकारी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात गेले. 1976 साली तडजोड झाली आणि करार संपल्यावर दुसऱ्या संघाकडे जाण्याची वाट टप्प्याटप्प्याने मोकळी झाली. रॉबर्टसन स्वतः 1974 सालीच निवृत्त झाला होता. झाड त्याने लावले. फळे पुढच्यांनी खाल्ली.

फळे खाणारे मात्र बराच काळ गप्प राहिले. शिकागो संघाचा क्रेग हॉजेस 1991 साली संघासोबत राष्ट्राध्यक्षांच्या भेटीस आफ्रिकी झगा घालून गेला आणि गरीब कृष्णवर्णी वस्त्यांच्या हलाखीविषयीचे पत्र त्याने तेथे दिले. 1992 साली संघाने त्याला मोकळे केले, आणि त्यानंतर त्या संघटनेतील एकाही संघाने त्याला घेतले नाही. 1996 साली महमूद अब्दुल रऊफ राष्ट्रगीताच्या वेळी उभा राहीना. त्याला निलंबित केले गेले, दोन वर्षांत तो संघटनेबाहेर फेकला गेला, आणि पुढे एका मोसमापुरताच परतला. एकट्याचे धैर्य कितीही मोठे असो, त्याची किंमत तो एकटाच भरतो.

आता 2020 कडे येऊ. 23 ऑगस्ट रोजी विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा गावी पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णी माणसावर मागून सात गोळ्या झाडल्या. त्याची मुले तेव्हा मोटारीत होती. केनोशापासून जवळच मिलवॉकी शहर. तेथला बक्स संघ महामारीमुळे फ्लोरिडात एका बंदिस्त जागी बाद फेरीचे सामने खेळत होता. 26 ऑगस्टला हे खेळाडू मैदानावर आलेच नाहीत. त्यांच्यातील स्टर्लिंग ब्राउनने मिलवॉकी पोलिसांचा विजेचा झटका 2018 साली स्वतःच्या अंगावर सोसला होता. करारात संपबंदीचे कलम होते. युनियनने हाक दिलेली नव्हती. असा संप कचेरीला कळतो तो झाल्यावरच! समोरच्या ऑर्लँडो संघाने फुकटचा विजय नाकारला. त्या दिवसाचे तिन्ही सामने राहिले, महिला संघांचेही राहिले. शिक्षा कोणालाच झाली नाही, कारण शिक्षा करायची तर सगळ्यांनाच करावी लागली असती.

पदरात काय पडले, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. तीन दिवसांनी खेळ पुन्हा सुरू झाला. अनेक क्रीडागृहे मतदानासाठी उघडण्याचे मालकांनी कबूल केले. राज्याच्या विधिमंडळाने पोलीस सुधारणांचा विचार करावा ही मागणी होती; विधिमंडळाची विशेष बैठक भरली आणि कामकाज न होताच उठली. 5 जानेवारी 2021 रोजी सरकारी वकिलाने त्या पोलिसावर खटला न भरण्याचे जाहीर केले.

पण त्याच 5 जानेवारीला जॉर्जिया राज्यात दुसरा निकाल लागत होता. अटलांटाच्या महिला संघाच्या एक मालकीणबाई, केली लोफलर, या सिनेटच्या सभासद होत्या. कृष्णवर्णीयांच्या चळवळीला संघटनेने दिलेल्या पाठिंब्याविरुद्ध त्यांनी 2020 च्या जुलैत पत्र लिहिले. या महिला खेळाडू पुरुषांसारख्या धनाढ्य नव्हेत. त्या साली त्यांचा सर्वांत मोठा मूळ पगार 2,15,000 डॉलर होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. लोफलरबाईंचे प्रतिस्पर्धी राफाएल वॉर्नॉक यांच्याशी बोलून त्यांची मते तपासली, आणि ऑगस्टमध्ये अनेक संघांतील खेळाडू ‘वॉर्नॉकना मत द्या’ असे छापलेले सदरे घालून आल्या. बाईंचे नाव तोंडातून काढणेही त्यांनी सोडून दिले. वॉर्नॉक निवडून आले. पुढच्याच महिन्यात संघ विकला गेला, आणि घेणाऱ्यांत त्याच संघाची एक माजी खेळाडू होती. विजय एकट्या सदऱ्यांनी मिळाला असे मी म्हणणार नाही; जॉर्जियात घरोघर फिरून मतदार नोंदवणाऱ्यांचे श्रम मोठे होते. परंतु या बायांनी नेमके कोठे जोर लावायचा ते ओळखले, आणि ठरल्यावर एकीही फुटली नाही.

म्हणून कोणी मला म्हणाले की युनियनने फक्त पगारभत्ता पाहावा, बाकी राजकारण राजकारण्यांवर सोडावे, तर मी त्यांना लेक्सिंग्टनचा सामना आठवण्यास सांगतो. त्या रात्री खेळलेले गोरे खेळाडू दुष्ट नव्हते. ‘हा आपला प्रश्न नव्हे’ एवढेच त्यांना वाटले असेल. युनियनची परीक्षा आपल्या पेन्शनच्या वेळी होत नाही. तेव्हा सगळेच हजर असतात. ती होते शेजारच्याला हॉटेलात जेवण नाकारले जाते त्या दिवशी. आपल्या गावातील कामगारांनी आणि खेळाडूंनीही हा प्रश्न एकदा आपापसांत बोलून पाहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.