एन्रॉन : दिसणारे यंत्र आणि न दिसलेला करार

१/
हेदवी हे गुहागर तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. दशभुज गणेशाचे मंदिर आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळची बामणघळ, जिथे भरतीचे पाणी कातळाच्या चिरेत शिरून उंच उसळते, ही या गावाची ओळख. नकाशावर पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. गावाच्या उत्तरेला वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलचे वायूवर चालणारे वीजकेंद्र आहे, तर दक्षिणेला शास्त्री नदीच्या मुखाशी जयगडचे कोळशावर चालणारे.

२/
यांपैकी अंजनवेलच्या केंद्रावरून महाराष्ट्रात जो वाद झाला, तो 'एन्रॉन' या एका शब्दाने ओळखला जातो. आजही तो बहुधा एकाच साच्यात मांडला जातो : तंत्रज्ञान की निसर्ग, विकास की विरोध? १९९२ ते २००१ या काळातील घटना क्रमाने पाहिल्या, की हा साचा अपुरा ठरतो. वादाचे मूळ यंत्रात कमी आणि एका कागदात अधिक होते.

३/
आधी एका खेळाकडे पाहू. १९८९ मध्ये विल राइट यांचा 'सिमसिटी' हा संगणकावरील खेळ आला. खेळाडू त्यात महापौर असतो. मोकळ्या नकाशावर तो शहर वसवतो आणि घरांत दिवे लागण्यासाठी त्याला वीजकेंद्र उभारावे लागते : कोळशाचे ३,००० डॉलरला, अणुऊर्जेचे ५,००० डॉलरला. एकदा कळ दाबली की केंद्र उभे. त्या चौकोनात आधी कोणी राहत नसते, तेथे कोणाची होडी नांगरलेली नसते आणि करारावर सहीही करावी लागत नाही.

४/
या खेळावर गंभीर चर्चा झाली ती त्यातील अदृश्य नियमांमुळे. कर वाढवला तर लोक किती वेगाने शहर सोडतील, रस्ते वाढले तर काय होईल, याची गणिते आज्ञावलीत दडलेली असतात. खेळाडूला परिणाम दिसतो, नियम दिसत नाही. खुद्द राइट यांना प्रेरणा मिळाली होती ती जे फॉरेस्टर यांच्या १९६९ मधील 'अर्बन डायनॅमिक्स' या ग्रंथातून, आणि त्यातील गृहीतकांवरही त्या काळी वाद झाले होते. नियम कोणी लिहिले आणि ते कोणाला वाचता येतात, हा प्रश्न अंजनवेललाही लागू पडतो.

५/
अंजनवेलचा नकाशा मात्र मोकळा नव्हता. खाडीच्या मुखावर गोपाळगड उभा आहे. पलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात, दाभोळ हे मध्ययुगातील नामांकित बंदर आहे. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने ते जाळले होते. प्रकल्पाला 'दाभोळ'चे नाव मिळाले, पण तो उभा राहिला अलीकडच्या तीरावर, अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या परिसरात. वेलदूर ही मच्छीमारांची वस्ती. सड्यावर आंबा-काजू आणि खाडीत मासळी, यांवर येथील संसार चालत.

६/
१९९१ मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली होती. नव्या आर्थिक धोरणाने वीजनिर्मितीचे क्षेत्र परदेशी कंपन्यांना खुले केले. जून १९९२ मध्ये एन्रॉनचे शिष्टमंडळ भारतात आले आणि २० जून रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाबरोबर सामंजस्य करार झालाही. स्पर्धात्मक निविदा मागवल्या गेल्या नाहीत. पुढे स्थापन झालेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेकटेल यांचा प्रत्येकी १० टक्के.

७/
प्रकल्पाच्या समर्थकांची बाजू पोकळ नव्हती. विजेची मागणी वाढत होती आणि नवी केंद्रे उभारण्यासाठी सरकारकडे पैसा नव्हता. वायूवर चालणारे केंद्र कोळशाच्या केंद्रापेक्षा स्वच्छ असते, हेही खरे. शिवाय कोकणात उद्योग आणि रोजगार येतील, ही आशा होतीच. कोकणातील किती तरी घरे तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत असत.

८/
पहिला स्पष्ट नकार आला तो जागतिक बँकेकडून. एप्रिल १९९३ मध्ये बँकेने कळवले, की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही आणि त्याला कर्ज देता येणार नाही. आयात द्रवरूप वायूवर अखंड चालणारे एवढे मोठे केंद्र आले, तर मंडळाला स्वतःची स्वस्त कोळशाची वीज बंद ठेवून ही महाग वीज घ्यावी लागेल, असा त्यामागचा हिशेब होता. ही हरकत गावकऱ्यांनी नव्हे, मोठ्या प्रकल्पांना कर्ज देणे हेच काम असलेल्या संस्थेने घेतली होती.

९/
तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा; दोन्ही टप्पे मिळून सुमारे २,००० मेगावॅट. मुदत २० वर्षे. मंडळाने पैसे थकवले तर राज्य सरकारची हमी, आणि राज्यानेही थकवले तर केंद्र सरकारची प्रतिहमी. एका खासगी कंपनीच्या बिलामागे दोन सरकारे उभी राहिली.

१०/
कराराचा गाभा समजण्यासाठी खानावळीचे उदाहरण पुरेसे आहे. महिन्याचे ३,००० रुपये ठरलेले, जेवा अथवा न जेवा. भाजी-धान्याचा खर्च वेगळा. साठ वेळा जेवलात तर ताटामागे ५० रुपये पडतात, वीसच वेळा जेवलात तर १५०. वीजबिलावरील 'स्थिर आकार' हा याच जातीचा. दाभोळच्या करारात हा स्थिर आकार प्रचंड होता आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. मंडळाने वीज कमी उचलली, की प्रत्येक युनिट महाग होणार. रुपया घसरला किंवा इंधन महागले, तर तो भारही ग्राहकाच्याच माथी.

११/
हे नियम लोकांना दिसत नव्हते. सुरुवातीची काही वर्षे करार व्यापारी गुपित मानला गेला. पुण्यातील 'प्रयास' या संस्थेतील अभियंत्यांनी उपलब्ध आकड्यांची जुळवाजुळव करून त्याचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण मांडले. कामगार संघटनांनीही हरकती घेतल्या. दुसरीकडे, एन्रॉनच्या एका अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले, की संबंधितांना या व्यवहाराचे 'शिक्षण' देण्यावर आणि प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. ज्यांच्या बिलातून पैसे जाणार होते, त्यांच्या वाट्याला मात्र करार वाचण्याइतकेही शिक्षण आले नाही.

१२/
याचा परिणाम चर्चेच्या दर्जावर झाला. आकडे समोर नसले की माणसे हेतूंवर बोलू लागतात. प्रश्न विचारणारा 'विकासविरोधी' ठरला आणि समर्थक 'परदेशी कंपनीचा दलाल'. कराराच्या कलमांवर वाद झाला असता तर कोणाचे तरी म्हणणे खोटे ठरले असते. हेतूंवरचा वाद कधीच निकाली निघत नाही.

१३/
मार्च १९९५ च्या निवडणुकीत हा विषय पेटला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, या घोषणेसह शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने निविदांचा अभाव, गुप्तता आणि वाढीव खर्च यांवर बोट ठेवले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा केली. कंपनीने लंडनमध्ये लवादाचा मार्ग धरला.

१४/
नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रेबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली आणि फेरवाटाघाटी सुरू झाल्या. जानेवारी १९९६ मध्ये सुधारित प्रकल्प जाहीर झाला : पहिला टप्पा ७४० मेगावॅट, दोन्ही मिळून २,१८४. दर कमी केल्याचे सांगण्यात आले. मूळ करारात दुसरा टप्पा घ्यायचा की नाही, हे मंडळाच्या मर्जीवर होते. आता तो बंधनकारक झाला. समुद्रात बुडवायचा प्रकल्प आकाराने वाढून किनाऱ्यावर परतला. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने अखेरच्या दिवसांत प्रतिहमीला मंजुरी दिली. डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाविरुद्धची याचिका फेटाळली.

१५/
सरकार, विरोधी पक्ष आणि न्यायालय ही तिन्ही दारे बंद झाल्यावर उरला तो रस्ता. १९९७ मध्ये गुहागर तालुक्यात मोर्चे, धरणे आणि अटकांची मालिका सुरू झाली. जमावबंदीचे आदेश निघाले, राज्य राखीव पोलीस दल तैनात झाले. निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील आणि मेधा पाटकर यांनाही अटक झाली. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या घरांत शिरले. बरेचसे पुरुष मासेमारीला गेलेले होते. लाठीचा मार आणि अटक बायकांच्या वाट्याला आली.

१६/
या घटनांची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने जुलै १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये घेतली. दुसऱ्या अहवालाने नैतिकतेचा एक अवघड मुद्दा पुढे आणला : प्रकल्पाच्या बंदोबस्तावरील पोलिसांचा खर्च कंपनी भरत होती. कायदा राखणारा हात एका पक्षाच्या पैशावर चालू लागला, तर त्याला निःपक्षपाती म्हणता येईल काय? हा प्रश्न केंद्र वायूवर चालते की कोळशावर, यावर मुळीच अवलंबून नाही.

१७/
मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. द्रवरूप वायूची सोय झाली नव्हती, म्हणून केंद्र नाफ्त्यावर चालू लागले. पुढच्याच वर्षी खनिज तेल पिंपामागे ३० डॉलरच्या पुढे गेले. १९९३ च्या अखेरीस सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ च्या मध्यापर्यंत ४७ रुपयांवर पोहोचला. वीज महाग म्हणून मंडळाने ती कमी उचलली, आणि कमी उचलली म्हणून ती आणखी महाग पडली. काही महिन्यांत दर युनिटमागे सात रुपयांच्याही वर गेला. खानावळीचे गणित खरे ठरले.

१८/
मंडळाने बिले थकवली. कंपनीने आधी राज्याची हमी आणि मग केंद्राची प्रतिहमी वापरण्याचा पवित्रा घेतला. एप्रिल २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील शासकीय निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. २९ मे २००१ रोजी केंद्र बंद पडले. दुसरा टप्पा तेव्हा बहुतांश बांधून झाला होता. २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. दाभोळने एन्रॉनला बुडवले, असे कित्येकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. एन्रॉन बुडाली ती मुख्यतः हिशेबातील लबाडी आणि लपवलेली कर्जे उघड झाल्यामुळे. तेथेही प्रश्न न दिसणाऱ्या कागदांचाच होता.

१९/
यंत्राचे पुढे काय झाले? जुलै २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या सहभागाने 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही कंपनी स्थापन झाली आणि २००६ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले. अडचणी संपल्या नाहीत : पुढे देशी वायूचा पुरवठा आटला आणि केंद्र पुन्हा थंडावले. २०१५ च्या अखेरीस येथील वीज रेल्वेला मिळू लागली. झोतयंत्रे तीच, सडा तोच, खाडीही तीच. बदलले ते मालक, इंधन आणि अटी.

२०/
या संघर्षातून महाराष्ट्राला काही मिळालेही. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि वीजदरावर जाहीर सुनावणी होऊ लागली. तेथे साधा ग्राहकही हरकत नोंदवू शकतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा राज्यात आधी आणि २००५ मध्ये देशभर आला. त्यामागे अनेक चळवळींचे श्रम आहेत, पण सार्वजनिक पैशाचा करार गुपित ठेवला की काय होते, याचे सर्वांत महागडे उदाहरण गुहागरनेच दाखवले होते.

२१/
जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणार आणि बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प : नावे बदलत गेली, पण रत्नागिरी जिल्ह्यात तोच वाद पुन्हा त्याच साच्यात उभा राहतो. एक बाजू 'विकासविरोधी' म्हणते, दुसरी 'विकले गेलेले'. एन्रॉनचा इतिहास अशा वेळी कोणत्याही बाजूला आयते उत्तर देत नाही. प्रत्येक मोठे यंत्र वाईट, असे तो सांगत नाही आणि प्रत्येक विरोध शहाणा, असेही नाही. तो कोणाशीही वाद घालण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायला सांगतो : करार वाचायला मिळाला आहे का? आकडे चुकले तर पैसे कोण भरणार? आणि ज्या चौकोनात केंद्र उभे राहणार आहे, तेथे आज कोण राहते?

२२/
हेदवीच्या बामणघळीत उसळणारे पाणी पाहायला लांबून लोक येतात. पाणी डोळ्यांना दिसते. त्याला एवढे वर फेकणारी चीर मात्र कातळाच्या पोटात असते, आणि ती पाहायची तर ओहोटीची वाट पाहावी लागते. अंजनवेलच्या करारासाठी महाराष्ट्राने तशीच वाट पाहिली. सगळे कागद समोर आले, तोवर सह्या कधीच होऊन गेल्या होत्या.