शून्य लिहू नये

गणपती विसर्जनाने दमलेली किल्लारी २९ सप्टेंबर १९९३ च्या रात्री निजली, आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, दगडमातीच्या जाड भिंती व वरची जड माळवदे निजलेल्यांच्या अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांतून सुमारे १०,००० माणसे गेली. आमच्याकडे दिवाळीची पणती लावताना आजही कोणा ना कोणाचे नाव ओठांवर येते.

दख्खनचे पठार म्हणजे जुना, स्थिर खडक, असे तज्ज्ञांचे मत होते. देशाच्या भूकंप-नकाशात हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला. तथापि त्याचे कारण पुष्कळांनी धरणाच्या पाण्यात शोधले. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीलाच धक्के बसले, लोक भ्याले. पण घरे होती तशीच राहिली. नकाशावर 'धोका नाही' असे कोणी लिहिले नव्हते. 'धोका कमी' एवढेच लिहिले होते. वाचणाऱ्यांनी मात्र ते शून्य असे वाचले.

मग तज्ज्ञांच्या मताचे करावे तरी काय? ते झुगारून द्यावे तर आपण आंधळे, आणि डोळे मिटून मानावे तर पुन्हा आंधळेच! या कोड्याचे एक उत्तर मला वैद्यकाच्या इतिहासात सापडले. ज्याचे रक्त वाहून चालले आहे अशा जखमी माणसाला रक्त कसे द्यावे, हा तो प्रश्न.

'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते, असे एके काळी डॉक्टर निःशंकपणे म्हणत. १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काही माणसांना 'ओ' रक्तदेखील चालत नाही. त्या गटाला जग आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणते. येथेही कोणी शून्य धरून बसले असते, तर रोग्याचा प्राण गेला असता.

पुढे रक्ताचे घटक वेगळे करून देण्याची रीत पडली. लाल पेशी किती, प्लाझ्मा किती, प्लेटलेट किती, यावर मते फुटली. इराकच्या युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या नोंदींवरून, प्लाझ्मा अधिक मिळालेले अधिक वाचले असे दिसले. पण मुळात जो प्लाझ्मा येईपर्यंत जगला त्यालाच तो मिळाला, हेही खरे! म्हणून उत्तर अमेरिकेतील १२ रुग्णालयांत ६८० जखमींवर प्रयोग झाला. त्याचा निकाल २०१५ मध्ये छापून आला. तिन्ही घटक समप्रमाणात मिळालेल्यांपैकी २४ तासांत शेकडा १२.७ दगावले, लाल पेशी दुप्पट मिळालेल्यांपैकी शेकडा १७. आता हा फरक खरा की योगायोगाचा? रूढ गणित म्हणाले, सिद्ध झाला नाही. असे रुग्ण थोडे, वेळ घटकांचा. हजारोंनी जखमी गोळा करावे तरी कोठून?

अशा ठिकाणी थॉमस बेज या इंग्रज पाद्र्याचे गणित कामास येते. तो १७६१ साली वारला; त्याचा निबंध रिचर्ड प्राइस या मित्राने १७६३ मध्ये प्रकाशात आणला. तत्त्व सोपे आहे : आधीचा विश्वास आकड्यात मांडा, पुरावा येईल तसा तो बदला. समजा एखादी गोष्ट खरी असण्याची शक्यता शंभरांत एक वाटते. ती खोटी असती तर जो पुरावा मिळणे दसपट अवघड, असा पुरावा मिळाला, की शक्यता शंभरांत नऊवर जाते. परंतु आरंभीच शून्य लिहिले असेल, तर दहाने गुणा वा हजाराने, शून्य ते शून्यच!

म्हणून असे प्रयोग आखताना जाणत्या शल्यविशारदांना आधीच विचारतात : या रीतीने शंभरांत किती अधिक वाचतील? निदान किती, फार तर किती? उत्तरे लिहून ठेवतात. उत्साही मताबरोबर संशयी मतही मांडतात, आणि निकाल दोन्हीपुढे टिकतो का ते पाहतात. मत आधी कागदावर आले, की मागाहून 'मी म्हटलेच होते' म्हणायला कोणालाच जागा उरत नाही. तज्ज्ञाचा मान राहतो, आणि त्याला हटवण्याचा पुराव्याचा हक्कही राहतो.

२००२ साली भूकंप-नकाशा बदलला. पहिला विभागच रद्द झाला. किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. पुराव्याने मत बदलले खरे. पण तो पुरावा आमच्या माणसांनी दिला. वर्गात मी मुलांना गुणाकार शिकवतो तेव्हा शून्यापाशी थोडा थांबतो. पाढ्यात ते शोभते, पोरांनो. दुसऱ्याच्या जिवाविषयी मत देताना मात्र ते लिहू नये.