मेणाच्या ठोकळ्यातील भाकीत

1941 साली मुंबईत सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकरांनी विकृतिशास्त्राची, म्हणजे रोगग्रस्त ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पारखण्याच्या विद्येची, घडी बसवली. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यासारख्या गावातून मुंबई गाठणाऱ्या रुग्णाच्या पिशवीतला, ऊतीचा तुकडा जपणारा मेणाचा ठोकळा, ज्याला सारे ‘ब्लॉक’ म्हणतात, त्याच परंपरेतला आहे. स्वादुपिंडाच्या कर्करोगात कोणते औषध लागू पडेल याचे भाकीत करताना मात्र हा ठोकळा कंजूष ठरतो, कारण सुईने काढलेल्या तुकड्यात तंतुमय ऊतीच अधिक आणि कर्कपेशी मोजक्या असतात.

म्हणून आधार रक्ताचा घेतला गेला. 1979 मध्ये संशोधक कोप्रोव्स्की यांच्या गटाच्या संशोधनातून पुढे आलेले सीए 19-9 हे जैवचिन्हक, म्हणजे रोगाची खूण सांगणारा रेणू, केमोथेरपी चालू असताना उतरले तर औषध लागू पडत असल्याचे मानले जाते. पण लुइस प्रतिजन हा रेणू नसलेल्या शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही, शिवाय ते बोलते ते बहुधा औषध दिल्यानंतर. औषध देण्याआधीच भाकीत करता यावे म्हणून इतर खुणाही शोधल्या गेल्या. जेमसिटाबिन हे केमोथेरपीचे औषध पेशीत ज्या प्रथिनाच्या दारातून शिरते, त्या एचईएनटी-1 विषयीची आरंभीची आशा पुढच्या सर्व चाचण्यांत टिकली नाही. 2019 च्या पोलो चाचणीत, बीआरसीए जनुकांत जन्मजात दोष असलेल्या व प्लॅटिनमयुक्त औषधांनी रोग आटोक्यात राहिलेल्या रुग्णांत, ओलापॅरिब या औषधाने रोगवाढीपूर्वीचा मध्यक काळ 3.8 वरून 7.4 महिन्यांवर नेला, एकूण आयुर्मान मात्र वाढले नाही; आणि हा दोष शोधायला ब्लॉक लागत नाही, रक्ताची एक नळी पुरते.