छंदाला सोबत शोधताना

नोकरीच्या निमित्ताने पुण्या-मुंबईत आलेल्यांपुढे पहिला प्रश्न घराचा असतो, दुसरा रविवारचा. कार्यालयातील ओळखी कार्यालयापुरत्याच राहतात, नातेवाईक गावी असतात आणि सुट्टीचा दिवस एकट्याने काढणे जड जाते. निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेल्या ज्येष्ठांचीही तक्रार याहून वेगळी नसते. नृत्याच्या मेळाव्यांपासून आकाशदर्शनापर्यंत अनेक वाटा या शहरांत खुल्या आहेत. मात्र कोणता गट आपल्याला सामावून घेईल, हे जाहिरातीवरून कळत नाही. एकट्याने आलेल्या नवख्या माणसाला तेथे कसे वागवले जाते, हे पाहावे लागते.

नृत्याचेच घ्या. रंगमंचावरील नृत्यात नाचणारे वेगळे आणि पाहणारे वेगळे. ‘सोशल डान्स’मध्ये सगळेच नाचणारे. ही कल्पना आपल्याला परकी नाही. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरणारा भोंडला, मंगळागौरीची झिम्मा-फुगडी, गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नघरचा मांडो ही त्याचीच रूपे. गुजरातच्या गरब्याला तर डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. अलीकडे मंगळागौरीचे खेळ मानधन देऊन बोलावलेले गट करतात आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवतात, हे मात्र खटकते. ज्यांना स्वतः खेळायचे आहे, त्यांनी अशा एखाद्या गटाच्या सरावालाच जावे. श्रावणाआधी सराव सुरू होतात, तेव्हा चौकशी केलेली बरी.

शहरी तरुणांमध्ये सध्या सालसा आणि बचाटा यांची ओढ अधिक. सालसाची मुळे क्युबाच्या संगीतात असली, तरी त्याला आजचे नाव आणि रूप १९६० व ७०च्या दशकांत न्यू यॉर्कमधील लॅटिन अमेरिकी वस्त्यांत मिळाले. बचाटा डॉमिनिकन प्रजासत्ताकातील. सालसाचे आवर्तन आठ मात्रांचे. त्यातील चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल थांबते. एवढे अंगात मुरले की अनोळखी जोडीदाराबरोबरही नाचता येते, कारण येथे नृत्य आधी बसवलेले नसते. एक जण दिशा सुचवतो, दुसरा ती ओळखून प्रतिसाद देतो.

म्हणूनच वर्ग निवडताना दोन गोष्टी विचाराव्यात. जोडीदार नसला तर चालेल का आणि सरावात जोड्या आलटून-पालटून बदलल्या जातात का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर वर्ग सोशल डान्सचा. वार्षिक कार्यक्रमासाठी एकच नृत्य महिनोन्‌महिने घोटून घेणाऱ्या वर्गात व्यायाम होईल, कदाचित टाळ्याही मिळतील. ओळखी होतीलच असे नाही. अनेक सोशल डान्स मेळाव्यांत सुरुवातीला नवख्यांसाठी तासाभराचा पाठ असतो आणि नंतर सर्वांना नाचायला जागा मोकळी होते. संपूर्ण सत्राचे शुल्क भरण्यापूर्वी अशा एका संध्याकाळी जाऊन यावे.

तेथील रिवाज साधे आहेत. नाचायला कोणीही कोणालाही विचारू शकते आणि ‘नाही’ म्हणण्यासाठी कारण द्यावे लागत नाही. एक-दोन गाणी झाली की आभार मानून जोडीदार बदलतात. नाचताना समोरच्याच्या चुका काढणे असभ्य समजले जाते. घाम येतोच, त्यामुळे जादा सदरा जवळ ठेवावा. टोकदार अंगठ्या आणि लोंबणारे दागिने घरी ठेवावेत. नकार दिल्यावरही कोणी मागे लागत असेल, तर संयोजक काय करतात याकडे विशेषतः एकट्या जाणाऱ्या महिलांनी लक्ष द्यावे. तक्रार हसण्यावारी नेणाऱ्या गटात पुन्हा जाऊ नये. मुंबईत शेवटच्या लोकलची वेळही आधी पाहून ठेवावी.

नृत्याची आवड नसलेल्यांची निराशा व्हायचे कारण नाही. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आली आहे. मुंबईचे खगोल मंडळ मध्य रेल्वेवरील वांगणी येथे रात्रभराचे आकाशदर्शन घेत आले आहे. पावसाळा सरल्यानंतरच्या अमावास्येजवळच्या रात्री त्यासाठी उत्तम. पक्षी आणि फुलपाखरे पाहायची असतील, तर १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या निसर्गसहलींची चौकशी करावी.

डोंगरभटकंतीच्या बाबतीत मात्र चौकशी अधिक कसून हवी. नाचताना पाऊल चुकले तर हसू होते, कड्यावर चुकले तर जीव जातो. राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची केली. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा. किती जणांमागे किती म्होरके आहेत, त्यांनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का, पाऊस वाढला तर मोहीम रद्द होते का, पैसे परत मिळतात का, हेही विचारावे. बसभर माणसे गोळा करून पावसाळ्यात धबधब्याखाली नेणारे आयोजक या प्रश्नांना कंटाळतात. उलट जाणत्या संस्था तुम्हालाच प्रश्न विचारतात: याआधी कोठे चढला आहात, दम्याचा त्रास आहे का, बुटांचे तळ झिजलेले नाहीत ना? पहिल्या खेपेस एका दिवसाचा सोपा किल्लाच निवडावा आणि आयोजकांचा दूरध्वनी क्रमांक, वाट व परतीची वेळ घरी लिहून ठेवावी.