बॅटरीचा खटका

आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात. शाळेच्या पुस्तकात विजेरी असा शब्द होता, पण तो परीक्षेत लिहिण्यापुरता. घरी तसं म्हटलं असतं तर सगळे हसले असते. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या लहानपणी अशा बॅटऱ्या मोजून चार होत्या. त्यातली एक आमच्या अण्णांची. पितळी, दोन सेलची. तूर चांगली पिकली त्या साली लातूरच्या गंजगोलाईतून आणलेली. त्याआधी रात्रीचं सगळं कंदिलावर. कंदील वाऱ्यानं फडफडायचा, काच काजळायची, आणि कडब्याच्या गंजीजवळ न्यायचा म्हणजे जीव मुठीत. बॅटरीला ही भीती नाही. अण्णा ती रात्री बाजेच्या खुराला दोरीनं बांधून ठेवायचे. झोपेत हात खाली गेला की अंगठा बरोबर खटक्यावर. पुढं सरकवला की खट्, पेटली. मागं ओढला की विझली. माझ्या आजीला एक अक्षर येत नव्हतं, पण बॅटरी लावायला तिला कुणी शिकवलं नाही.

ही वस्तू तशी फार जुनी नाही. नातवाला शोधायला लावलं तेव्हा कळलं, हातात धरायच्या नळकांड्या बॅटरीचं पेटंट अमेरिकेत १८९९ साली डेव्हिड मिसेल या माणसाला मिळालं. कंपनी कॉनराड ह्यूबर्ट यांची. पुढं तिच्याच मालाला एव्हरेडी हे नाव पडलं. त्या वेळचे सेल इतके दुबळे, की दिवा सलग लावून ठेवायची सोयच नव्हती. दाबला की क्षणभर चमकायचा. म्हणून इंग्रजीत तिला फ्लॅशलाइट म्हणतात. पहिल्या काही बॅटऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना दिल्या होत्या. आमच्या गावातही पहिली बॅटरी पोलीस पाटलाकडंच आली, हा योगायोग का जगाची रीत, कोण जाणे.

आम्हा पोरांचा डोळा संपलेल्या सेलवर. तो दगडानं फोडला की मधोमध कोळशाची काळी कांडी निघायची, तिनं देवळाच्या भिंतीवर स्टंप काढायचे. कांडीभोवतीची काळी भुकटी मँगनीजची, जोडीला नवसागर, आणि बाहेरचा डबा जस्ताचा. वीज द्यायला हा जस्ताचा डबाच आतून झिजत जातो. म्हणून विसरून राहिलेला सेल गळतो आणि बॅटरीला पांढरा-हिरवा कीट चढतो. संपत आलेले सेल आई उन्हात ठेवायची. तेवढ्यावर आणखी दोन रात्री निघायच्या.

मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमून झोपलेलो. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमच्या माळवदाची मागची भिंत बसली आणि लाईट गेली. धुळीनं हात दिसेना. अण्णांनी खुराची दोरी ओढली, आणि त्या पिवळ्या उजेडाच्या मागं आम्ही अंगणात आलो. आम्ही सगळे वाचलो. किल्लारीकडं काय झालं ते उजाडल्यावर कळलं. पुढच्या रात्री पावसात तिकडच्या ढिगाऱ्यांवर अण्णा सेल संपेपर्यंत उजेड धरून उभे होते. तिथं काय पाहिलं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तेव्हापासून आई उशाला बॅटरी असल्याशिवाय झोपत नाही. अण्णा गेल्यावर तर नाहीच.

त्याच १९९३ साली जपानात शुजी नाकामुरा यांचा लखलखीत निळा एलईडी जाहीर झाला. त्या निळ्यावर पिवळा लेप दिला की उजेड पांढरा होतो. पुढं २०१४ साली त्यांना अकासाकी आणि अमानो या दोघांसह नोबेल मिळालं. एलईडी वीज कमी खातो, त्यातच चार्ज होणारे लिथियमचे सेल स्वस्त झाले, आणि सेल विकत घ्यायचा जमाना संपला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मोटारीला लाईट रात्री बाराला आल्यावर दारं धरायला जायचं, तर कपाळावर बांधायची बॅटरी म्हणजे देवच.

तक्रार आहे ती आईच्या बॅटरीची. पितळीतला कीट काढून काढून मी कंटाळलो आणि तालुक्याहून नवी चार्जिंगची आणली. तिला एकच बटण. एकदा दाबलं की प्रखर, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लुकलुक, चौथ्यांदा बंद. आई दोनदा दाबायची, उजेड कमी झाला की विझली समजून पांघरुणात ठेवायची. दुसऱ्या रात्री बॅटरी मेलेली. चार्जरची पिन बारीक. सांध्यांनी वाकडी झालेली तिची बोटं, त्यात एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पिन उलटी घालून घालून तिनं दीड महिन्यात ते छिद्रच मोडलं. वर मीच तिच्यावर खेकसलो, "आई, एवढं साधं जमत नाही का तुला?"

ती काही बोलली नाही. दिवस मावळल्यावर पाणी प्यायचं बंद केलं. रात्री उठायला नको, अंगण ओलांडून जायला नको. हे आम्हाला कळलं ते लघवीला जळजळ होऊन ताप भरला आणि दवाखान्यात सलाईन लागलं तेव्हा. डॉक्टरांनी विचारलं, आजी पाणी किती पिता? तेव्हा तिनं सांगितलं. मला जमिनीनं गिळावं असं झालं.

गावात मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. अण्णांची पितळी घेऊन त्याच्याकडं गेलो. म्हटलं, खटका हाच राहू दे, आतलं बदल. जुना जाडा सेल तेहतीस मिलिमीटरचा, लिथियमचा अठराच. त्यामुळं जागा भरपूर. प्लास्टिक पाईपच्या तुकड्यात एक सेल बसवला, मागं चार्जिंगची पट्टी, पुढं एलईडी. सेल भरला की ती पट्टी आपोआप पुरवठा तोडते.

आईनं हातात घेतली आणि म्हणाली, "पोकळ लागतीय." हलकी झाली होती, जमिनीवर ठेवली की गडगडायची. शिशाचा तुकडा घातला. मग म्हणाली, डोळ्यात भसकन घुसतंय. पांढरा एलईडी काढून पिवळसर घातला आणि काच पॉलिश पेपरनं घासून धुरकट केली. उजेड लांब जाईना, पण पायापुढं ऐसपैस पसरू लागला. म्हाताऱ्या माणसाला विहिरीपलीकडचं झाड बघायचं नसतं, उंबरा बघायचा असतो.

राहिली पिन. पोऱ्यानं लोहचुंबकाची गोल पिन लावली. वायर देवळीत टांगलेली. बॅटरी जवळ नेली की ती आपणच चिकटते, सुलटं-उलटं काही नाही. पट्टीवर लाल आणि निळा असे दोन दिवे होते. आई म्हणाली, दोन कशाला? बरोबरच होतं. निळा झाकून टाकला. लाल जळतोय तोवर जेवतीय, विझला की पोट भरलं. हे सगळं करायला तीन आठवडे लागले. त्यातले दोन मी तिचं न ऐकण्यात घालवले.

आता पहाटे तीनच्या सुमाराला खट् असा आवाज येतो, मग माठावरच्या झाकणाचा, मग अंगणात चपलांचा. मी कूस बदलून झोपतो.

गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी हे बघितलं आणि मागं लागल्या. आतापर्यंत सहा झाल्या. अडचण पितळी डब्यांची आहे. भंगारवाले मोडीच्या भावानं केव्हाच घेऊन गेले. औशाच्या बाजारात मागच्या महिन्यात दोन सापडल्या, एकीचा खटका गेलेला. एका काकांना अर्धांगवायू झालाय, उजव्या अंगठ्यात जोर नाही. त्यांना खटका सरकत नाही, मुठीत दाबून लागेल असं काहीतरी पाहिजे. पोऱ्यानं सायकलच्या ब्रेकची दांडी लावून बघितली. काका म्हणाले, बोट चिमटतंय. ते अजून जमलेलं नाही.